शून्य अपघात, पण मोजलं कोणाला?

९ ऑगस्ट २००४. जपानच्या फुकुई प्रांतातलं मिहामा अणुऊर्जा केंद्र. युनिट ३ बंद ठेवून करायची नेहमीची तपासणी पाच दिवसांवर आली होती, म्हणून ठेकेदाराची माणसं टर्बाइनच्या इमारतीत आधीच तयारीला लागली होती. दुपारी छताजवळचा एक मोठा पाइप फाटला. आतलं पाणी १४० अंशांच्या आसपासचं, दाबाखालचं. बाहेर येताच त्याची वाफ झाली. ११ कामगार त्यात सापडले, ५ जण गेले.

किरणोत्सर्ग झाला का? नाही. तो पाइप टर्बाइनकडच्या साध्या पाण्याचा होता.

मग फाटला कसा? मूळ जाडी १० मिलिमीटर. पाण्याच्या प्रवाहाने आतून झिजत झिजत ती दीड मिलिमीटरच्याही खाली आली होती. १९७६ साली युनिट सुरू झालं तेव्हापासून त्या जागेची जाडी एकदाही मोजलेली नव्हती, कारण तपासणीच्या यादीत ती जागा घालायचीच राहून गेली होती. आणि धोका काही नवा नव्हता. १९८६ मध्येच अमेरिकेतल्या सरी केंद्रात असाच पाइप फुटून ४ कामगार दगावले होते.

आता आकड्यांकडे या. चेर्नोबिलनंतर, १९८९ मध्ये, जगभरच्या अणुकेंद्रांनी मिळून ‘वानो’ ही संघटना काढली. केंद्रांची कामगिरी मोजायचे तिचे जे निर्देशांक आहेत, त्यातला एक कामगार सुरक्षेचा: दर २ लाख मनुष्यतासांमागे असे किती अपघात झाले, ज्यात माणसाला काम सोडून घरी बसावं लागलं? १०० माणसं वर्षभर राबली की साधारण २ लाख तास होतात, इतका सोपा हिशोब. पण या आकड्यात धरायचे ते केंद्राचे कायम कर्मचारी. ठेकेदाराच्या माणसांसाठी वेगळा निर्देशांक पुढे आला.

मिहामात गेलेले पाचही जण ठेकेदाराचे होते.

आपल्या तारापूरला अणुकेंद्र १९६९ पासून आहे, शेजारी एवढी मोठी एमआयडीसी आहे. ठेकेदारीवर राबणारी माणसं आपल्याच घरातली. तेव्हा कुठल्याही गेटवर ‘अपघाताविना इतके दिवस’ असा बोर्ड दिसला, तर दोन गोष्टी जरूर विचारा. यात ठेकेदाराची माणसं धरलीत का? आणि झिजणाऱ्या वस्तूंची यादी पुरी आहे की नाही, हे शेवटचं कोणी आणि कधी पाहिलं?