माझं झाड

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर संध्याकाळी बसणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्याचं एक झाड असतं. म्हणजे ते त्यानं शाळेत असताना लावलेलं असतं, असं त्याचं म्हणणं असतं. हे सगळं खरं धरलं, तर क्रिकेट आम्हांला गच्चीवर खेळावं लागलं असतं.

मैदान महापालिकेनं १९२५ साली लोकांना खुलं केलं, तेव्हा नाव होतं माहीम पार्क. १९२७ साली नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांनी आग्रह धरला आणि शिवजन्माच्या त्रिशताब्दीनिमित्त ते शिवाजी पार्क झालं. (पुढे सरकारदरबारी जन्मवर्ष १६३० ठरलं. म्हणजे दादरकरांनी त्रिशताब्दी तीन वर्षं आधीच उरकली!)

वनमहोत्सव मात्र दिल्लीहून आला. १९५० साली अन्नमंत्री कन्हैयालाल मुन्शींनी तो सुरू केला आणि दर जुलैत देशभरातली पोरं रोप घेऊन चिखलात उभी राहू लागली. १९५८ साली त्यांत मीही होतो. इयत्ता पाचवी. चाळीस पोरांत रोप एक, रेनट्रीचं. "ही आपली भारतीय वनश्री!" मास्तर म्हणाले. रेनट्री मूळची अमेरिकेकडची, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. कुदळ पाहुण्यांच्या हाती, टाळ्या आमच्या हाती. मी एक ढेकूळ टाकलं, एवढाच माझा वाटा.

पाणी कुणी घालायचं, हे काही ठरलं नाही. सप्टेंबरपर्यंत पावसानं घातलं. मग सहामाही आली. दिवाळीच्या सुट्टीत रोपाच्या आधाराची काठी स्टंप म्हणून उपटली गेली. खोटं कशाला बोलू, उपटणारा मीच. पुढच्या जुलैत त्याच खड्ड्यात दुसरं रोप लागलं. खड्डा आयताच होता ना!

आज तिथं चांगली डेरेदार रेनट्री उभी आहे. नातवाला मी ती 'माझी' म्हणून दाखवतो. परवा आमच्या कट्ट्यावरचे नाना सहज बोलून गेले, "हे झाड आमच्या वर्गाचं, एकसष्ट सालचं. दोन उन्हाळे मी घरून डालड्याच्या डब्यानं पाणी आणायचो. नळाला पाणी कमी, आई अशी ओरडायची!"

मी चपला न्याहाळत बसलो. तेवढ्यात नातू धावत आला, "आजोबा, तुमचं झाड हेच ना?"

नानांनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

"हेच रे बाळा," ते म्हणाले. "मी नुसतं पाणी घालायचो."