काम करत नाही

२६ फेब्रुवारी १९३१. दिवस कलला आहे आणि कावेरीच्या मुखाकडच्या सुपीक पट्ट्यात, तंजावर जिल्ह्यातल्या एका गावात, तुम्ही कोणाच्या तरी तिण्णैवर टेकला आहात. तिण्णै म्हणजे घरापुढचा, रस्त्याला लागून असलेला ओटा. वाटसरूने इथे बसायला कोणाची परवानगी मागायची नसते, म्हणून तुम्हालाही कोणी हटकत नाही. गावचा हिशेबनीस कंदील घेऊन घरोघर चालला आहे. याद्या आधीच लिहून झाल्यात, आज रात्री त्या पडताळायच्या. अख्ख्या हिंदुस्थानात आज रात्री माणसं मोजली जाताहेत.

घर मराठी आहे. व्यंकोजीराजांनी १६७५च्या सुमारास तंजावर घेतलं, त्यांच्या मागोमाग कारकून, पुरोहित, शिपाई, कीर्तनकार आले आणि इथलेच झाले. तंजावरचे राजे दुसरे शिवाजी १८५५ साली वारले, कंपनीने राज्य खालसा केलं, पण माणसं कुठे जाणार होती? उंबऱ्याबाहेर तमिळ, उंबऱ्याआत मराठी, अशी वाटणी झाली आणि आतली बाजू बायकांनी सांभाळली.

दाराआडून एक मुलगी डोकावते. वय ११, गळ्यात मंगळसूत्र. गेल्या साली १ एप्रिलपासून शारदा कायदा लागू झाला, चौदाच्या आतल्या मुलीचं लग्न लावणं गुन्हा ठरलं. मग त्याआधीच उरकून घ्या, म्हणून देशभर लग्नांची एकच घाई उडाली. हिचं त्याच घाईत झालं. सासरी अजून पाठवलेली नाही. हिशेबनीस यादीवरून बोट फिरवतो. या वर्षी माणसांचे तीन प्रकार आहेत: कमावणारे, काम करणारे आश्रित आणि काम न करणारे आश्रित. मुलगी कुठे पडली ते तिला कोणी सांगत नाही. ती पहाटे चारला उठलेली आहे.

तिचं नाव विचारू नका, कारण ती कोणी एक नाही. तंजावरच्या खेड्यांतून मद्रासला आलेल्या अशा मराठी आज्या बऱ्याच घरांत होत्या, त्यांच्यावरून ही मी रचली आहे. जन्म १९२० धरा. साल, कायदे आणि टंचाया मात्र खऱ्या आहेत.

आता १९४२चा एप्रिल. तिच्या सासरच्या परसात उभे राहा. स्वयंपाकघरात शिरू नका, तिथे सोवळं आहे आणि तुमचा स्पर्श चालायचा नाही. महिन्याच्या सुरुवातीला जपान्यांनी कोलंबोवर बाँब टाकले, मग विशाखापट्टण आणि काकिनाड्यावर. मद्रास सरकारने लोकांना शहर सोडायला सांगितलं. प्राणिसंग्रहालयातले वाघ-सिंह सुटतील म्हणून गोळ्या घालून मारले. माणसं मात्र मिळेल त्या गाडीने गावाकडे निघाली, आणि त्यांतली काही या घरी उतरली: दीर, जावा, त्यांची पोरं, दिराचे साहेब आणि साहेबांची आई.

मद्रास रिकामं झाल्याचं पुस्तकांत वाचायला मिळतं. ती माणसं जेवली कुठे, ते कोणी लिहीत नाही. इथे बघा. बावीस वर्षांची बाई उखळात भात कांडते आहे. कांडून झाला की पाखडायचा, कोंडा गाईला. मग रगड्यावर बसायचं. एका हाताने वरवंटा गोल फिरवायचा, दुसऱ्याने भिजलेले तांदूळ आत लोटायचे, आणि ही पुढच्या सकाळच्या इडलीची तयारी. कॉफीच्या बिया घरीच भाजायच्या, घरीच दळायच्या. साहेबांच्या आईला पहिल्या धारेची कॉफी लागते. पंगती तीन: आधी पुरुष, मग पोरं, मग बायका. वाढणारी शेवटी. कणगीत किती पडी (पडी हे तिथलं धान्याचं माप) तांदूळ उरलाय याचा हिशेब तिच्या डोक्यात आहे, कागदावर कुठेच नाही. पाव्हणे पावसाळ्यापर्यंत राहिले तर पुरेल का, हे सासऱ्यांनी तिला परवा दोनदा विचारलं. म्हणजे घराचा पुरवठा कोणाच्या हाती आहे हे सासऱ्यांना ठाऊक होतं. सरकारलाच ते कधी ठाऊक झालं नाही.

रात्री देवळात हरिकथा आहे, तिला जायला मिळालं. हरिकथा सांगणारे भागवतर तमिळमध्ये रंग भरताहेत आणि मध्येच साकी, दिंडी, अभंग. एकोणिसाव्या शतकात मराठी कीर्तनकार तंजावरला आले, त्यांचं ऐकून तंजावर कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथेला हा घाट दिला. आजूबाजूच्या तमिळ बायका ती वृत्तं ऐकून माना डोलवतात. आपली चरित्रनायिका खांबाला टेकून झोपली आहे. उठवू नका.

१९५१. स्वतंत्र देशाची पहिली जनगणना. शाळामास्तर तिण्णैवर बसून लिहितो. प्रकार पुन्हा तीन, नावं नवी: स्वावलंबी, कमावणारे आश्रित, न कमावणारे आश्रित. ती एकतीस वर्षांची, चार मुलांची आई. ती शेजारी तूप विकते, पैसे डाळीच्या डब्यात टाकते आणि त्यातून धाकटीच्या शाळेची फी जाते. यजमान मास्तरांना सांगतात, "ती घरीच असते." मास्तर तिसरा प्रकार लिहितो.

तिच्या कणगीतला भात कोणी लावला, हेही इथेच बघून घ्या. चिखलात वाकलेल्या त्या बायका दलित वस्तीतल्या. त्या गणनेत शेतमजूर म्हणून आल्या तरी त्यांच्या वाट्याला काय आलं? याच जिल्ह्यातल्या किळवेणमणीला २५ डिसेंबर १९६८च्या रात्री ४४ जणांना जाळून मारलं, बहुतेक बायका आणि मुलं. मजुरी वाढवून मागण्याचा तो वाद होता. आजीची दगदग खरी, पण तिच्या घरावर छप्पर होतं आणि त्याला कोणी आग लावली नाही.

१९५२ साली तंजावरच्या कुळांना आणि सालदारांना संरक्षण देणारा कायदा आला. तो यायलाच हवा होता. शहरात नोकरी धरणारी घरं हळूहळू जमिनीपासून सुटत गेली. म्हणून १९६१ साली तुम्हाला तिला शोधायला मद्रासच्या एग्मोर स्टेशनवर यावं लागतं. पितळी भांड्यांचं गाठोडं, रगडा मात्र गावीच राहिला. तिथून लोकलने मांबळम. १९३१ साली, तिण्णैवरच्या त्या गणतीच्या वर्षी, ही विजेची लोकल सुरू झाली होती.

पश्चिम मांबळम तेव्हा डासांसाठी आणि हत्तीरोगासाठी बदनाम. एका वाड्यात दोन खोल्या, सामायिक विहीर. शेजारच्या तमिळ मुली तिला लवकरच 'पाट्टी' म्हणू लागतील, घरात ती आजी होईल. मोजणारा आला तेव्हा नियम सुटसुटीत झालेला आहे: काम करणारे आणि काम न करणारे. बिनपगारी घरकाम दुसऱ्या गटात. त्या गटात तिच्या सोबतीला विद्यार्थी, निवृत्त, भिकारी आणि कैदी. मला यात खोडसाळपणा दिसत नाही. पैसा न हलवणारं काम मोजायचं कसं, हे त्यांना सुचलं नाही, इतकंच. पण दर दहा वर्षांनी पुन्हा न सुचणं जरा जास्त होतं.

पुढची वर्षं पटापट चला. १९६७ साली द्रमुक सत्तेवर आला, मद्रासमध्ये रुपयाला एक पडी तांदूळ मिळू लागला आणि आजी रांगेत उभी राहिली. १९६९ साली राज्याचं नाव तमिळनाडू झालं, १९९६ साली शहराचं चेन्नई. रॉकेलचा स्टो गेला, गॅस आला. विजेचा रगडा आला तेव्हा ती त्याच्यापुढे बसून राहिली, हात फिरवायची सवय मोडायला तिला वेळ लागला. नातवंडांना तिने मराठी बोलायला शिकवलं, लिहायला नाही. तिला स्वतःलाच देवनागरी येत नव्हती. नणंदेला पत्र लिहायची ते मराठी, अक्षरं तमिळ.

२००४चा उन्हाळा जरा थांबून बघा. पूंडी आणि रेड हिल्सचे तलाव आटले आहेत. गल्लीच्या तोंडाशी पाण्याची लॉरी, पुढे रंगीबेरंगी प्लॅस्टिकच्या घागरींची रांग. चौऱ्याऐंशी वर्षांची आजी घागर उचलू शकत नाही, म्हणून ती रांग राखते. लॉरी कधी येणार, कोणाचा नंबर कुठे, कोणाकडे आजारी माणूस आहे, सगळं तिच्या तोंडी. कणगीचा हिशेब ठेवणारं डोकंच ते. त्याच वर्षी वीराणम तलावाचं पाणी नळाने चेन्नईला आलं. त्या तलावाला पाणी येतं कावेरीच्या खोऱ्यातून, म्हणजे तिच्या माहेरच्या नदीचं.

फेब्रुवारी २०११. ती ९१ वर्षांची. मोजणारी यावेळी बाई आहे, शिक्षिका. मातृभाषा? "मराठी," आजी स्वतः सांगते. येणाऱ्या इतर भाषा? तमिळ. वर्षभरात काम केलं का? सून म्हणते, "नाही." आजी त्या क्षणी मेथी निवडते आहे. काम न करणाऱ्यांसाठी संकेतांक ठरलेले: विद्यार्थी १, घरकाम २, आश्रित ३. बाई तिचं वय बघते आणि ३ लिहिते. ती तिची शेवटची गणती. २०१४ साली आजी गेली.

पुढचं तिला बघायला मिळालं नाही. देशाच्या २०१९च्या वेळेच्या वापराच्या पाहणीत निघालं की घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात, करणारे पुरुष ९७. जून २०२३मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने एका खटल्यात निकाल दिला. नवरा कित्येक वर्षं आखातात कमवत होता, बायको इथे घर आणि मुलं सांभाळत होती. तिने घर सांभाळलं म्हणून तो कमवू शकला, तेव्हा त्या कमाईतून घेतलेल्या मालमत्तेत तिचा निम्मा वाटा, असं न्यायमूर्ती कृष्णन् रामस्वामी यांनी ठरवलं. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला तमिळनाडू सरकारने कुटुंबप्रमुख महिलांना महिना १,००० रुपये द्यायला सुरुवात केली, आणि त्या रकमेला मदत न म्हणता हक्काची रक्कम म्हटलं. महाराष्ट्राची लाडकी बहीण योजना २०२४ची, महिना १,५०० रुपये, पण वय ६५पर्यंतच. पासष्टीनंतरही भाजी निवडणाऱ्या हातांचा विचार तिथे झालेला नाही.

२०२१ची जनगणना झालीच नाही. आता ती २०२७ साली आहे, गणनेचा संदर्भ दिवस १ मार्च. तुमच्या दारात मोजणारा येईल तेव्हा घरातल्या म्हाताऱ्या बाईला पुढे बसवा, तिचं उत्तर तिलाच देऊ द्या. आणि कामाबद्दल विचारलं की तिच्या वतीने "नाही" म्हणू नका.