होमपॉड घ्यावा का? नागपूरच्या घरात महागड्या स्मार्ट स्पीकरचे फायदे आणि मर्यादा

तोंडी सांगितलं की गाणं लावणारा, गजर लावणारा, दिवे बंद करणारा स्पीकर आता चार-पाच हजारांतही मिळतो. मग ॲपलच्या मोठ्या होमपॉडसाठी ३२,९०० रुपये का मोजायचे? थोडक्यात उत्तर असं: जास्तीचे पैसे आवाजाच्या दर्जासाठी आहेत, हुशारीसाठी नाहीत. हा फरक कळला की निर्णय सोपा होतो.

होमपॉड म्हणजे काय?

ॲपलने पहिला होमपॉड २०१७ मध्ये जाहीर केला. तो भारतात २०२० मध्ये १९,९०० रुपयांना आला आणि २०२१ मध्ये कंपनीने तो बंद केला. फेब्रुवारी २०२३ मध्ये दुसरी आवृत्ती आली, तिची भारतातली किंमत ३२,९०० रुपये ठेवली गेली. त्याचा धाकटा भाऊ होमपॉड मिनी २०२० मध्ये ९,९०० रुपयांना आला होता. दोन्हींत बोलणारी मदतनीस एकच, सिरी. म्हणजे मोठा घेतला म्हणून सिरी जास्त शहाणी होत नाही.

जमेच्या बाजू

आवाज: दुसऱ्या आवृत्तीत खालच्या पट्टीच्या आवाजासाठी चार इंची वूफर आणि वरच्या पट्टीसाठी गोलाकार बसवलेले पाच ट्वीटर आहेत. भिंतींवर आदळून परत येणारा आवाज मायक्रोफोन ऐकतात आणि त्यानुसार स्पीकर स्वतःला जुळवून घेतो. त्यामुळे तो कोपऱ्यात ठेवला तरी डग्ग्याचा घुमार बाकीच्या वाद्यांना झाकून टाकत नाही. दोन होमपॉड जोडून स्टीरिओ करता येतो, पण एक मोठा आणि एक मिनी अशी जोडी जमत नाही.

घरातली उपकरणं: मॅटर आणि ॲपलच्या होमकिटला चालणारे दिवे, प्लग, पंखे यांचं केंद्र म्हणून तो काम करतो. तापमान आणि आर्द्रता मोजणारा सेन्सरही आत आहे. ‘खोली अमुक अंशांच्या वर गेली की एसी सुरू कर’ अशी सूचना देऊन ठेवता येते, मात्र एसी किंवा त्याचा नियंत्रक या यंत्रणेला चालणारा हवा.

खासगीपणा: ‘सिरी’ ही हाक ओळखण्याचं काम स्पीकरमध्येच होतं. माणसांकडून रेकॉर्डिंग तपासून घेतली जातात हे २०१९ मध्ये उघड झाल्यावर ॲपलने ती पद्धत थांबवली आणि नंतर ग्राहकाने स्वतः होकार दिला तरच रेकॉर्डिंग ठेवायचं ठरवलं.

मर्यादा

भाषा: होमपॉडवर मराठी ही भाषा निवडता येत नाही. अलेक्सा आणि गुगलचे स्पीकर निदान हिंदी समजतात, मराठीत तेही चालत नाहीत. गंमत म्हणजे फोनवरच्या गुगल असिस्टंटला मराठी २०१८ पासून येतं. घरात आजी-आजोबा फक्त मराठी बोलत असतील तर हा स्पीकर त्यांच्यासाठी शोभेची वस्तू ठरेल.

फोन: आयफोन किंवा आयपॅड नसेल तर होमपॉड सुरूच करता येत नाही. ब्लूटूथने गाणी पाठवता येत नाहीत आणि वायर जोडायला जागाही नाही. त्यामुळे घरात एकाकडे आयफोन आणि बाकीच्यांकडे अँड्रॉइड असेल, तर स्पीकर प्रत्यक्षात एकाचाच होतो.

बटण: मायक्रोफोन बंद करायला वेगळं बटण नाही. तोंडी सांगावं लागतं किंवा ॲपमध्ये जाऊन बंद करावं लागतं. ॲमेझॉनच्या इकोवर त्यासाठी बटण असतं.

सागवानी फर्निचर: तेल किंवा मेण लावलेल्या लाकडावर पांढरट वर्तुळ उमटू शकतं, हे पहिल्या होमपॉडच्या वेळी ॲपलनेच मान्य केलं होतं. खाली एखादं जाड कापड किंवा ट्रे ठेवलेला बरा.

नागपूरचा उन्हाळा आणि होमपॉड

२३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं होतं. अशा शहरात तीन गोष्टी आधी तपासा.

पहिली, सेन्सर. हा सेन्सर साधारण १५ ते ३० अंश तापमान आणि ३० ते ७० टक्के आर्द्रतेसाठी जुळवलेला आहे, असं ॲपलच सांगते. मे महिन्यात एसी नसलेली खोली ३० अंशांच्या खूप वर जाते आणि कूलर लावला की ओलावा वाढतो. म्हणजे आकड्यांची सर्वांत जास्त गरज असते तेव्हाच त्यांचा भरवसा कमी. सेन्सरचा आकडा डोळे झाकून मानू नये हे नागपूरकरांना वेगळं सांगायला नको: ३० मे २०२४ रोजी इथल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले होते आणि तो सेन्सरचा दोष असल्याचं हवामान खात्याला सांगावं लागलं.

दुसरी, कूलरचा आवाज. मोठा कूलर घरघरत असताना खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिलेली हाक स्पीकरपर्यंत नीट पोहोचत नाही आणि हळू लावलेलं गाणंही त्यात बुडतं. स्पीकर कूलरच्या झोतापासून आणि शिंतोड्यांपासून लांब, बसायच्या जागेजवळ ठेवा.

तिसरी, लाईन गेली तर काय? होमपॉडमध्ये बॅटरी नाही. इन्व्हर्टरवर स्पीकर आणि वायफायचा राउटर दोन्ही नसतील तर तोंडी हुकूम बंद. अशा वेळी सेलवरचा जुना रेडिओच कामाला येतो.

मग घ्यावा कोणी?

घरात बहुतेकांकडे आयफोन आहे, ॲपल म्युझिकची वर्गणी आहे, एसीची बैठकीची खोली आहे आणि गाणी निवांत बसून ऐकण्याची सवय आहे, अशांना होमपॉड पैसे वसूल करून देईल. फक्त गजर, हवामान आणि दिवे एवढंच हवं असेल तर मिनी पुरेसा आहे. घरात अँड्रॉइड फोन असतील किंवा हिंदीतून बोलायचं असेल, तर भारतात २२,९९९ रुपयांना आलेला ॲमेझॉनचा इको स्टुडिओ आधी पाहा, त्यात ब्लूटूथही आहे आणि वायर जोडायची सोयही.

दुकानात ऐकायला जाल तेव्हा तिथली शांत, थंड खोली पाहून भुलू नका. आपल्या ओळखीची दोन गाणी ऐका आणि मग स्वतःला विचारा: मे महिन्यातल्या दुपारी, कूलर सुरू असताना, आपल्या घरातलं कोण कोण याच्याशी बोलणार आहे? उत्तर ‘मी एकटाच’ असेल, तर ३२,९०० रुपये एकट्यासाठी मोजायचे का, एवढंच ठरवायचं उरतं.