लांब सीट, एकटा स्वार

अलिबागला जाऊन आलेल्या कुणालाही एटीव्ही माहीत असते. नागावच्या वाळूत रांगेनं उभ्या असलेल्या, फुगीर टायरांच्या त्या बुटक्या चारचाकी गाड्या. पैसे द्यायचे, एक चक्कर मारायची, स्टोरी टाकायची. आपली तिच्याशी ओळख इथंच संपते. न्यूझीलंडच्या डोंगराळ भागात मेंढ्या पाळणाऱ्या शेतकऱ्यासाठी मात्र हीच गाडी म्हणजे घरची बैलजोडी. पहाटे कळप हाकायला ती, कुंपणाच्या तारा नि खांब न्यायला ती, तणनाशकाची टाकी बांधून फवारणीला तीच. मागच्या कॅरिअरवर कुत्रा उडी मारून बसतो आणि दिवस सुरू होतो.

आणि न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियात शेतावर होणाऱ्या मृत्यूंच्या प्रमुख कारणांमध्येही हीच गाडी आहे. गाडी उलटते, माणूस खाली सापडतो. आजूबाजूला मैलभर कुणी नसतं. मग प्रश्न येतो: चूक चालवणाऱ्याची की गाडीची? या गाडीचा इतिहास म्हणजे या एका प्रश्नावर पन्नास वर्षं चाललेलं भांडण आहे.

हिवाळ्यात काय विकायचं?

गंमत म्हणजे ही गाडी शेतासाठी बनलेलीच नव्हती. 1960च्या दशकात अमेरिकेत होंडाच्या मोटरसायकली जोरात खपत होत्या, पण हिवाळा आला की बर्फ पडायचा आणि डीलर रिकामे बसायचे. बर्फातही विकता येईल असं काहीतरी द्या, अशी मागणी 1967 साली जपानला पोचली. ओसामू ताकेउची या अभियंत्याकडं काम आलं. दोन चाकांपासून सहा चाकांपर्यंत प्रयोग झाले आणि शेवटी तीन चाकांवर एकमत झालं.

1970 साली यूएस90 ही तिचाकी बाजारात आली. किंमत 595 डॉलर, इंजिन 89 सीसी, ताकद 7 हॉर्सपॉवर. तिचा जीव होता टायरमध्ये. मोटरसायकलच्या टायरमध्ये साधारण 25 ते 30 पीएसआय हवा असते, इथं जेमतेम 2-3. त्यामुळं टायर बर्फात, वाळूत, चिखलात रुतण्याऐवजी पसरायचा. वेगळं सस्पेन्शन नव्हतंच, धक्के टायरच खायचे. 1971च्या 'डायमंड्स आर फॉरेव्हर' या बाँडपटात शॉन कॉनरी हीच गाडी पळवताना दिसतो. थोडक्यात, खेळणं म्हणूनच तिची जाहिरात झाली.

शेतकऱ्यांनी तिच्यात दुसरंच काही पाहिलं. ट्रॅक्टर जिथं रुततो तिथून ही हलकी गाडी निघून जाते, जमीन दाबली जात नाही, पेट्रोल कमी लागतं. आणि घोड्यासारखं तिला रोज खायला घालावं लागत नाही. मालकांनी आपापल्या गोठ्यात वेल्डिंग करून तिला सामान ठेवायची जागा केली. कंपन्यांना हे कळायला वेळ लागला, पण कळलं. 1982 साली होंडानं पुढं-मागं कॅरिअर असलेली 'बिग रेड' आणली. त्याच सुमारास सुझुकीनं चार चाकांची क्वाडरनर काढली. 1985 मध्ये मिनेसोटातल्या पोलारिस या बर्फावरच्या गाड्या बनवणाऱ्या कंपनीनं गिअर बदलायची कटकट नसलेली गाडी आणली. 1986 मध्ये होंडाची फोर-बाय-फोर आली. खेळणं आता अवजार झालं होतं.

तिपाईचं गणित

तिपाई कधी डुगडुगत नाही, पण कडेला बसलं की पटकन कलंडते. तिचाकीचं तसंच. वळताना ब्रेक दाबला की भार पुढं आणि बाहेरच्या बाजूला जातो, आणि नेमकं तिथं चाकच नसतं. शिवाय मागची दोन्ही चाकं एकाच अखंड ॲक्सलवर, मध्ये डिफरन्शियल नाही. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, पण दोन्ही चाकं सारख्याच वेगानं फिरतात. म्हणजे आतल्या चाकाला घसरावंच लागतं. त्यासाठी स्वारानं वजन सरकवून आतल्या चाकावरचा भार हलका करायचा. हे ज्याला जमलं नाही, त्याची गाडी सरळ पुढं जायची किंवा उलटायची.

अमेरिकेत अपघातांची संख्या वाढत गेली, जखमींमध्ये लहान मुलंही बरीच होती. 1987च्या डिसेंबरअखेर सरकार कोर्टात गेलं. होंडा, यामाहा, सुझुकी, कावासाकी आणि पोलारिस यांच्याशी दहा वर्षांचा करार झाला. नव्या तिचाकींची विक्री बंद, गाडीवर ठळक इशारे, गिऱ्हाइकाला फुकट प्रशिक्षण, आणि मोठ्या इंजिनाच्या गाड्या सोळा वर्षांखालच्या मुलांसाठी नाहीत. 2008 साली नव्या तिचाकींवर कायद्यानंच बंदी आली.

तिसरं चाक गेलं, चौथं आलं; पण गाडी अरुंद आणि उंच ती उंचच. त्यावर कंपन्यांचं उत्तर ठरलेलं होतं. ही गाडी 'बसून' चालवायची नसते, घोड्यासारखी अंगानं चालवायची असते. चढावर पुढं झुका, उतारावर मागं सरका, आडव्या उतारावर डोंगराच्या बाजूला कला.

पण घोड्याला दरड दिसते आणि तो थांबतो, यंत्र थांबत नाही. आणि ज्याच्या मागं शंभर लिटरची फवारणीची टाकी बांधली आहे, त्यानं अंग किती हलवलं तरी टाकीतलं पाणी आपल्या मर्जीनं हिंदकळणार. एरवीच्या गेजवर 2-3 पीएसआयचा काटा नीट हलतसुद्धा नाही. अंदाजानं हवा भरली की टायर चेंडूसारखा उसळतो. ही गाडी वर्षानुवर्षं वापरणारे शेतकरी असल्याच बारीक गोष्टी एकमेकांना सांगतात.

सगळ्यात बोलकी आहे ती सीट. ती लांब असते, कारण स्वाराला पुढं-मागं सरकता आलं पाहिजे. एकट्यासाठीच्या गाडीवर 'दुसरा माणूस बसवू नका' असं चिकटवलेलंही असतं. पण लांब सीट बघून माणूस काय समजतो? दोघांची जागा. मग शाळेतून आलेला मुलगा मागं बसतो, आणि ज्या सीटनं तोल सांभाळायचा तीच तोल घालवते.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडं बग आला की कुणीतरी हमखास म्हणतं, 'युजरनं चुकीचं बटण दाबलं.' पण दहातले आठ युजर तेच बटण दाबत असतील, तर बटणाची जागा चुकली आहे. मॅन्युअलमध्ये एक ओळ वाढवून ती सुधारत नाही.

पाठीमागची कमान

ऑस्ट्रेलियानं शेवटी हीच बाजू घेतली. तिथल्या सरकारनं 2019 साली क्वाडबाइकसाठी सुरक्षेचं मानक काढलं. 11 ऑक्टोबर 2021 पासून शेतकामाच्या प्रत्येक नव्या गाडीला संरक्षक चौकट बंधनकारक झाली. सीटमागं बसवलेली उलट्या 'यू' आकाराची नळी, हे तिचं एक साधं रूप. गाडी उलटली तर ती जमिनीला टेकते आणि खालच्या माणसाला श्वास घेण्यापुरती जागा मिळते.

कंपन्यांनी विरोध केला. चौकटीनंच इजा होईल, स्वाराच्या हालचालीला अडथळा येईल, हेल्मेट आणि प्रशिक्षणावर भर द्या, असं त्यांचं म्हणणं. होंडा आणि यामाहानं तिथं अशा गाड्या विकणं थांबवण्याचा निर्णय घेतला. शेतकऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेनं मात्र मानकाला पाठिंबा दिला. कारण अंत्ययात्रेला जाणारे तेच होते.

हा वाद ट्रॅक्टरवर आधीच होऊन गेला होता. स्वीडननं 1959 साली नव्या ट्रॅक्टरला संरक्षक चौकट सक्तीची केली, आणि पुढं उलटून होणारे मृत्यू झपाट्यानं घटले. त्या काळात शेतकरी काही अचानक सावध झाले नव्हते. बदललं होतं ते यंत्र.

आपल्याकडं एटीव्ही शेतात आली नाही, त्याला कारण आहे. 2015-16च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रात सरासरी शेत 1.34 हेक्टरचं. एवढ्याशा वावरात कळप हाकायला गाडी कुणाला हवी? इथं तिचं काम मोटरसायकल करते. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन, टाकीवर खताचं पोतं, मागं माणूस. यातलं काहीच त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये नाही. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर दोघं बसतात, कारण मडगार्ड बसण्याजोगं सपाट आहे आणि शेतावर जायला दुसरं वाहन नाही. चालकामागं चौकट नसलेले ट्रॅक्टर तर गावोगावी दिसतात. ट्रॅक्टर उलटल्याची बातमी येते, तेव्हा त्यात 'चालकाचा ताबा सुटल्याने' हे शब्द ठरलेले असतात. मागं कमान होती का, हे त्या बातमीत कुणी लिहीत नाही. पुढच्या वेळी अशी बातमी वाचाल, तेव्हा एवढं एक शोधून बघा.