उसना कर्णा : गेमच्या आवाजाचा दीडशे वर्षांचा प्रवास

१/
महाड औद्योगिक वसाहतीच्या आसपास, बिरवाडीपासून थेट महाड शहरापर्यंत, कामगारांच्या भाड्याच्या खोल्या आहेत. अशा खोलीत दूरचित्रवाणी संच असेलच असे नाही. जुना संगणक आणि त्याचे दोन स्पीकर मात्र पुष्कळदा असतात. त्या पडद्याला गेम कन्सोल जोडला की चित्र लगेच उमटते, पण आवाज येत नाही. हा दोष यंत्राचा असेल असे वाटते. प्रत्यक्षात तो बहुधा इतिहासाचा असतो.

२/
आवाज मोठा करणारा ध्वनिवर्धक आणि तो ऐकवणारा कर्णा या पूर्वापार महाग वस्तू. म्हणून घरातला एकच कर्णा अनेक यंत्रांनी उसना घ्यायचा, ही रीत जुनी आहे. कन्सोलचा आवाज संगणकाच्या स्पीकरवर ऐकणे हे त्याच रीतीचे आजचे रूप.

३/
या कथेतील पहिली वस्तू म्हणजे जॅक. १८७८ मध्ये अमेरिकेत न्यू हेवन येथे पहिले व्यावसायिक टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाले. १८८२ मध्ये मुंबईतही आले. ऑपरेटर दोरीच्या टोकाची पिन भोकात खोचून दोन माणसांचे बोलणे जोडून देई. त्या जाड पिनेचे धाकटे भावंड म्हणजे ३.५ मिलिमीटरची पिन. ती ट्रान्झिस्टरसोबत रुळली आणि १९७९ च्या वॉकमननंतर घरोघरी पोहोचली.

४/
चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या वर्षीच, २३ जुलै १९२७ रोजी, मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले. पुढे व्हॉल्व्हचे रेडिओ घरांत आले. त्यांतील अनेकांच्या पाठीमागे ‘पिक-अप’ची दोन भोके असत. स्वतःचा कर्णा नसलेली तबकडी-यंत्रे तेथे जोडली जात आणि गाणे रेडिओतून ऐकू येई. ठाण्याच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या मर्फी रेडिओचा तो काळ. आवाज उसना देण्याची सोय रेडिओतच करून ठेवलेली होती.

५/
२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले. १९८३ मध्ये जपानमध्ये निन्टेन्डोचा फॅमिकॉम आला आणि १९९० च्या दशकात त्याच्या नकला ‘कॅसेटचा व्हिडिओ गेम’ म्हणून भारतीय घरांत शिरल्या. अँटेनाच्या जागी त्यांची वायर लागे. चित्र आणि आवाज दोन्ही एका छोट्या प्रक्षेपणासारखे टीव्हीत जात व चॅनेल फिरवून पकडावे लागत.

६/
येथेच एक जुना घोटाळा होई. भारतातील प्रसारण-पद्धतीत चित्राच्या लहरीपासून आवाजाची लहर ५.५ मेगाहर्ट्झ अंतरावर असे. हाँगकाँगच्या पद्धतीत हे अंतर ६, तर चीनच्या पद्धतीत ६.५ मेगाहर्ट्झ. त्या बाजारांसाठी बनलेला खोका येथील टीव्हीला जोडला तर चित्र स्वच्छ आणि आवाजाच्या जागी खरखर! दोष खोक्याचा नव्हे, टीव्हीचाही नव्हे. दोन देशांनी वेगवेगळे आकडे ठरवले होते.

७/
मग पिवळी, पांढरी आणि लाल अशा तीन वायरी आल्या. पिवळी चित्राची, उरलेल्या दोन आवाजाच्या. या गोल पिनेचा जन्मही तबकडी-यंत्र रेडिओला जोडण्यासाठीच झालेला. आवाज चित्रापासून सुटा झाला. लाल-पांढऱ्या पिना ३.५ मिलिमीटरच्या जॅकवर आणणारा स्वस्त जोड घेतला, की कन्सोल थेट संगणकाच्या स्पीकरवर बोलू लागे. उसनवारीचा हा सर्वांत सोपा काळ.

८/
संगणकाच्या पाठीवरील रंगही याच सुमारास ठरले. इंटेल व मायक्रोसॉफ्ट यांच्या ‘पीसी ९९’ संकेतानुसार हिरवे भोक स्पीकरचे, निळे बाहेरून येणाऱ्या आवाजाचे, गुलाबी माइकचे. कन्सोलची पिन गुलाबीत खोचली तर आवाज फाटतो. कारण माइकचा संदेश अतिशय क्षीण असतो आणि ते भोक तो कित्येक पटींनी वाढवते. अनेक लॅपटॉपांत निळे भोक नसतेच.

९/
निळ्यात खोचूनही शांतता असेल, तर विंडोजमध्ये आवाजाच्या ‘रेकॉर्डिंग’ विभागात लाइन-इन निवडून ‘लिसन’ची खूण करावी लागते. जुन्या साउंड कार्डांत आवाज सरळ स्पीकरकडे जाई. या मार्गाने तो आधी अंकांत रूपांतरित होतो, संगणकात फिरतो आणि मग बाहेर पडतो. म्हणून गोळी आधी सुटते, आवाज मागाहून येतो.

१०/
डिसेंबर २००२ मध्ये सोनी, फिलिप्स, तोशिबा आदी सात कंपन्यांनी एचडीएमआयचा पहिला संकेत जाहीर केला. चित्र आणि आवाज एकाच वायरीत अंकरूपाने बांधले गेले. सोबत इंटेलने विकसित केलेले एचडीसीपी नावाचे कुलूपही आले, जेणेकरून चित्रपटांची नक्कल होऊ नये. २०१३ च्या प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनवर लाल-पांढरी वायर लावण्याची जागाच उरली नाही. नकलेला आळा घालण्याच्या या व्यवस्थेचा काच, विकत घेतलेल्या गेमचा आवाज आपल्याच स्पीकरवर ऐकू पाहणाऱ्यालाही बसतो.

११/
आजच्या शांततेची कारणे यातूनच उलगडतात. लॅपटॉपचे एचडीएमआय भोक सहसा बाहेर पाठवणारे असते, आत घेणारे नव्हे. मॉनिटरला डीव्हीआय जोड लावला असेल तर आवाज बहुधा वाटेतच गळतो. कन्सोल डॉल्बीत आवाज पाठवत असेल तर साध्या मॉनिटरला तो उमगत नाही. तेथे ‘लिनिअर पीसीएम’ निवडावे. मॉनिटरला हेडफोनचे भोक असेल तर स्पीकरची हिरवी पिन थेट तेथे लावावी. तेही नसेल तर प्लेस्टेशन ४ च्या कंट्रोलरवरील हेडफोनचे भोक कामी येते. अन्यथा एचडीएमआयमधून आवाज वेगळा काढणारी डबी घ्यावी लागते.

१२/
आवाज आला, पण सोबत ‘गुंऽऽ’ अशी घरघर असेल, तर ती बहुधा ५० हर्ट्झच्या विजेची असते. दोन यंत्रे दोन वेगळ्या बोर्डांवर असली आणि त्यांच्या अर्थिंगमध्ये किंचित फरक असला, की तो फरक आवाजाच्या वायरीतून वाहतो. दोन्ही यंत्रे एकाच बोर्डावर घ्यावीत. प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याची युक्ती मात्र जिवावर बेतू शकते.

१३/
खरखर पिन फिरवल्यावर कमी-जास्त होत असेल, तर जॅकच्या धातूवर थर साचलेला असतो. कोकणचा पावसाळा त्याला पुरेसा आहे. हवेत गंधकयुक्त वायू असतील तर तांबे व चांदी अधिकच लवकर काळवंडतात. जुलै २०२१ च्या महापुरात महाड शहर पाण्याखाली गेले. असे पाणी पाहिलेले यंत्र वरून कोरडे दिसले तरी उघडून, स्वच्छ करून, तपासल्याखेरीज विजेला जोडू नये.

१४/
लॅमिंग्टन रोडवरचा रेडिओ-मेकॅनिक असो की बिरवाडीतील कामगार, शोधाची पद्धत एकच : आवाज कोठून निघाला, कोणत्या वायरीने गेला आणि कोठे अडला? १८७८ ची पिन, १९९० च्या दशकातील वायर आणि २००२ चे कुलूप आज एकाच टेबलावर नांदतात. त्यांची वये ओळखली, तर चांगला स्पीकर भंगारात जाणार नाही आणि नवा घेण्यासाठी पगारातून पैसे काढावे लागणार नाहीत. रेडिओच्या पाठीवरची ती दोन भोके याच विचाराने ठेवलेली होती.

(धागा समाप्त)