पेटी कोणी उघडायची? भारतातील संगणक-दुरुस्तीचा इतिहास

ज्यांच्या घरी २००० च्या दशकात पहिला संगणक आला, त्यांना एक आवाज हमखास आठवेल. बटण दाबावे, पंखा फिरू लागावा, पडदा मात्र काळाच, आणि पेटीतून थांबून थांबून येणारे लांब 'बीप'. मग गल्लीच्या तोंडावरील दुकानातून कोणीतरी येई, दोन स्क्रू काढून पेटीची बाजू उघडी करी, रॅमची पट्टी उपसून तिची सोनेरी टोके शाळेच्या खोडरबराने घासी आणि पट्टी पुन्हा खाचेत दाबून बसवी. संगणक सुरू. चहा आणि किरकोळ पैसे, एवढाच खर्च.

यात जादू नव्हती. दमट हवा आणि धूळ यांमुळे पट्टीच्या टोकांवर मळाचा पातळ थर बसतो आणि विद्युतसंपर्क तुटतो. चालू होताना संगणक स्वतःची जी तपासणी करतो, तिच्यात त्याला स्मृतीच सापडत नाही. पडद्यावर अक्षर उमटण्याआधीच गाडी अडल्यामुळे तो आवाजाने तक्रार करतो.

पण गल्लीतल्या एका मुलाने संगणकाची पेटी उघडावी आणि मालकाने ती उघडू द्यावी, ही गोष्ट त्याआधी जेमतेम पंचवीस वर्षांपूर्वी भारतात कल्पनेपलीकडची होती. पेटी उघडण्याचा हा अधिकार कंपनीकडून सरकारकडे आणि सरकारकडून गल्लीकडे कसा आला, त्याचा हा धागा.

सुरुवात मुंबईतून. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली भारतीय बनावटीचा एक संगणक उभा राहिला. त्याचे प्रायोगिक रूप १९५६ मध्ये तयार झाले, पूर्ण यंत्र १९६० मध्ये सुरू झाले आणि १९६२ मध्ये नेहरूंनी त्याचे नाव 'टिफ्रॅक' ठेवले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या. नलिका म्हणजे दिव्याचीच बहीण; ती तापते आणि कधीतरी जाते. त्यामुळे दुरुस्ती हा या यंत्राच्या दिनक्रमाचाच भाग होता. मात्र ज्यांनी ते बांधले तेच ते दुरुस्त करत, म्हणून अधिकाराचा प्रश्नच उद्भवला नाही.

तो उद्भवला 'आयबीएम'च्या यंत्रांबरोबर. १९६० च्या दशकात रेल्वेपासून मोठ्या कचेऱ्यांपर्यंत आयबीएम १४०१ हे यंत्र पोहोचले. ही यंत्रे बहुधा विकली जात नसत, भाड्याने दिली जात. परदेशात वापरून झालेली यंत्रे इथे आणायची, डागडुजी करायची आणि भाड्याने लावायची, असा हा व्यवहार होता. भाड्यातच देखभालही आली. यंत्र बिघडले की कंपनीचा अभियंता येणार, कंपनीचे सुटे भाग लावणार आणि जाणार. ग्राहकाच्या हाती यंत्र होते, पण यंत्राचे ज्ञान नव्हते. भाडेकरूने भिंतीला खिळा ठोकू नये, तसाच हा नियम.

या व्यवहारावर संसदेच्या लोकलेखा समितीने १९७० च्या दशकाच्या मध्यात कठोर टीका केली. त्याआधीच १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याने परदेशी कंपन्यांना भारतातील आपला हिस्सा सर्वसाधारणपणे ४० टक्क्यांवर आणण्यास सांगितले होते. आयबीएमने संपूर्ण मालकीचा आग्रह सोडला नाही आणि १९७८ मध्ये भारतातील काम बंद केले. प्रचलित कथेत याचे सारे श्रेय किंवा दोष तेव्हाचे उद्योगमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांच्या पदरात पडतो. मुंबईच्या कामगार चळवळीतून आलेला मंत्री आणि अमेरिकन कंपनी, असा सामना सांगायला रंगतदार असतो हे खरे. पण कायदा इंदिरा गांधींच्या काळातला होता आणि वाद जनता सरकारच्या आधीपासून धुमसत होता.

कंपनी गेली. यंत्रे मागेच राहिली. पगारपत्रके, हिशेब, रेल्वेची आकडेवारी त्यांच्यावर अवलंबून होती. उद्या यंत्र बंद पडले तर बोलवायचे कोणाला?

उत्तर तयार ठेवलेले होते. भारत सरकारने १९७५ मध्येच एक कंपनी स्थापन केली होती : कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन. नावाकडे लक्ष द्यावे. संगणक बनवणारी नव्हे, विकणारीही नव्हे, देखभाल करणारी. १९७८ मध्ये आयबीएमच्या आठशेहून अधिक ठिकाणच्या यंत्रांची जबाबदारी तिने उचलली, आणि पुढे इतर परदेशी कंपन्यांची यंत्रेही तिच्याकडे आली. एरवी अभियंता एका कंपनीचा असतो आणि त्याच कंपनीची यंत्रे जाणतो. इथे एकाच संस्थेतील माणसांना वेगवेगळ्या कंपन्यांची, वेगवेगळ्या पिढ्यांची यंत्रे मूळ उत्पादक पाठीशी नसताना चालू ठेवायची होती. निर्मात्याखेरीज इतर कोणी संगणक सांभाळू शकतो, हे भारतात मोठ्या प्रमाणावर इथे सिद्ध झाले. भारतीय संगणकाच्या इतिहासात पुढच्या सॉफ्टवेअर निर्यातीला पाने भरून जागा मिळते आणि या कामाला एक ओळ. ही वाटणी न्याय्य नाही. रेल्वेच्या आरक्षणाचे संगणकीकरण १९८० च्या दशकाच्या मध्यात याच कंपनीने केले, ते या अनुभवाच्या जोरावर. १९८४ मध्ये तिचे नाव नुसते 'सीएमसी' झाले. त्यातला 'देखभाल' हा शब्द आद्याक्षरात विरून गेला.

दरम्यान अमेरिकेत एक गंमत घडली होती. पेटीवरचा ताबा न सोडणाऱ्या त्याच आयबीएमने ऑगस्ट १९८१ मध्ये छोटा 'पीसी' बाजारात आणला आणि घाईपायी त्यात बहुतेक भाग बाजारातलेच वापरले : प्रक्रियक इंटेलचा, कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टची. एवढेच नव्हे, तर यंत्राचे विद्युत नकाशे आणि बायोस या मूलभूत आज्ञावलीचा मजकूर असलेली तांत्रिक पुस्तिकाही कोणालाही विकत मिळत असे. इतर कंपन्यांनी हुबेहूब चालणारी यंत्रे बनवायला सुरुवात केली. खाचा सारख्या, स्क्रू सारखे, पट्ट्या सारख्या. एका यंत्राचा भाग दुसऱ्यात बसू लागला. गल्लीतल्या दुरुस्तीकाराचा जन्म खरे तर इथे झाला.

भारतात त्याला वाट मिळाली ती नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणाने. आयात शुल्क उतरले, परवान्यांचा जाच सैलावला आणि सुटे भाग येऊ लागले. ते पोहोचले मुंबईतील ग्रँट रोड स्थानकाजवळच्या एका रस्त्यावर. कागदोपत्री तो डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग; लोकांच्या तोंडी मात्र १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचा गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनचेच नाव राहिले. इथे रेडिओच्या सुट्या भागांची दुकाने आधीपासून होती. झाळकाम करणारे हात, मल्टिमीटर, जुन्या मालातून कामाचा भाग शोधणारी नजर, सारे तयार होते. रेडिओकडून टीव्हीकडे आणि टीव्हीकडून संगणकाकडे ही वस्ती सरकली. दिल्लीचे नेहरू प्लेस, बंगळुरूचा एस. पी. रोड, चेन्नईचा रिची स्ट्रीट यांच्या कथाही याच वळणाच्या आहेत.

याच रस्त्यांवरून 'असेंबल्ड' संगणक घराघरांत गेला. तो कंपनीच्या संगणकापेक्षा स्वस्त असे, आणि बिघडला तर ज्याने जुळवला त्यालाच बोलावता येई. बिघाडही इथल्या हवेचे, इथल्या विजेचे. भारनियमनानंतर वीज परतताना उसळणारा दाब एसएमपीएसला, म्हणजे पेटीतल्या वीजपुरवठ्याच्या डब्याला, मारत असे. त्या डब्याच्या पाठीमागे अनेकदा एक लाल खटका असे, ११५ आणि २३० व्होल्टचा. एखाद्या जिज्ञासू बालकाने तो ११५ वर सरकवून बटण दाबले की मोठा आवाज आणि जळका वास ठरलेला. नाण्याएवढा सेल संपला की संगणकाचे घड्याळ थेट काही वर्षे मागे जाई. २००० नंतरच्या काही वर्षांत जगभर सदोष कपॅसिटरांची लाट आली. मदरबोर्डवर फुगलेल्या डोक्यांच्या नळकांड्या दिसू लागल्या. कंपनी सांगे, बोर्ड बदला. गल्ली सांगे, चार कपॅसिटर बदलू.

मराठी घरांत आणखी एक दुखणे होते. युनिकोड रुळण्यापूर्वी एका फाँटमध्ये टंकलेले पत्र दुसऱ्या संगणकावर उघडले की निरर्थक चिन्हांची रांग दिसे. विंडोज एक्सपीवर देवनागरी नीट दिसण्यासाठी सेटिंगमध्ये जाऊन एक खूण करावी लागे आणि मूळ सीडी घालावी लागे. ती सीडी घरात असेलच, अशी खात्री क्वचितच कोणी देऊ शके.

कारण या बाजाराची दुसरी बाजूही होती, आणि ती झाकून हा इतिहास सांगता येत नाही. बेकायदा प्रतींवर चाललेली घरे, नव्याच्या नावाखाली लावलेले जुने भाग, आणि प्रत्येक रोगावर एकच औषध : 'फॉरमॅट मारून देतो'. त्या एका वाक्याने किती घरांतील छायाचित्रे पुसली गेली असतील!

विषाणूंचा इतिहासही दुकानाच्या दारातूनच सुरू होतो. आयबीएम पीसीवरचा पहिला विषाणू मानला जाणारा 'ब्रेन' १९८६ मध्ये लाहोरात संगणकाचे दुकान चालवणाऱ्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या भावांनी लिहिला. त्यात त्यांनी स्वतःची नावे, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांकही घातले होते, उपचारासाठी संपर्क साधा म्हणून! पुढचे विषाणू इतके सौजन्यशील नव्हते. २६ एप्रिल १९९९ रोजी 'सीआयएच' जागा झाला. त्याचा तडाखा दक्षिण कोरिया, तुर्कस्तान आणि भारतालाही बसला. तो तबकडीवरील माहिती तर पुसेच, पण अनेक मदरबोर्डांवरील बायोसची चिपही कोरी करी. असा संगणक 'बीप'सुद्धा करत नाही. यावर जगभरच्या दुरुस्तीकारांना एक धाडसी उपाय ठाऊक होता. तशाच दुसऱ्या बोर्डाचा संगणक सुरू करायचा, चालू असतानाच त्याची चिप अलगद उपसायची, तिच्या जागी मेलेली चिप बसवायची आणि तिच्यावर बायोस नव्याने लिहायचा. चिप खाचेत बसवलेली असे, डकवलेली नसे, म्हणूनच हे शक्य होते.

पुढे नेमकी हीच गोष्ट बदलली. सडपातळपणाच्या हौसेत लॅपटॉपची रॅम थेट बोर्डावर झाळली जाऊ लागली, बॅटरी चिकटवली गेली, स्क्रूंची टोके नेहमीच्या पेचकसाला दाद देईनाशी झाली. यंत्र विकत घेतलेले, तरी उघडायचे कंपनीनेच. १४०१ च्या भाडेकरारातील तो नियम भाड्याविना परतला. भारत सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली आणि त्याच वर्षी एक संकेतस्थळही सुरू केले.

लॅमिंग्टन रोडच्या परिसरात आता सूक्ष्मदर्शक आणि गरम हवेच्या बंदुका घेऊन बसलेले कारागीर दिसतात. टिकलीएवढ्या चिपा उचलून ते पुन्हा झाळतात. त्यासाठी त्यांना बोर्डाचे विद्युत नकाशे लागतात. १९८१ मध्ये आयबीएम जे नकाशे पुस्तिकेत छापून विकत होती, तसे नकाशे आज बहुतेक कंपन्या बाहेर देत नाहीत. ते दुरुस्तीकारांमध्ये हस्ते-परहस्ते, फाइलींच्या रूपाने फिरतात.