आजोबांचा झोर्की : भिलाईमार्गे भंडाऱ्याला आलेला एक कॅमेरा

आजच्या धाग्यात ना लढाई आहे, ना ताम्रपट. भंडाऱ्यातील आमच्या घरी, माळ्यावरच्या लोखंडी पेटीतून निघालेल्या एका कॅमेऱ्याची ही हकिकत आहे. धागा लांब आहे; सवडीने वाचा.

आजोबा भिलाईच्या पोलाद कारखान्यात फिटर होते. निवृत्तीनंतर ते भंडाऱ्याला परतले आणि त्यांच्यासोबत चामडी आवरणातला हा जड, चकचकीत कॅमेराही आला. त्यांच्यामागे तो माझ्याकडे आला, कारण घरात जुन्या वस्तूंचा नाद असलेली मी एकटीच. इतिहासाच्या विद्यार्थिनीने हाती आलेली वस्तू आधी साधन म्हणून वाचावी, असे आम्हांला शिकवतात. तेव्हा आधी वाचन, मग छायाचित्रण.

माथ्यावर रशियन लिपीत 'झोर्की-४' असे कोरले आहे. 'झोर्की' म्हणजे तीक्ष्ण दृष्टीचा. मागच्या बाजूला अनुक्रमांक आहे आणि त्याचे पहिले दोन अंक ६१ आहेत. या कारखान्याच्या त्या काळातील अनुक्रमांकांत पहिले दोन अंक सहसा निर्मितीचे वर्ष दाखवतात, म्हणून हा कॅमेरा १९६१ चा मानायला हरकत नाही. परदेशी बाजारासाठी केलेल्या नगांवर हेच नाव बहुधा रोमन लिपीत असे. आमच्या नगावर रशियन अक्षरे आहेत. अर्थात तो सोव्हिएत ग्राहकासाठी घडला होता. मग तो भंडाऱ्याला कसा पोहोचला?

त्याआधी रेंजफाइंडर म्हणजे काय, ते पाहू. कॅमेऱ्याच्या दर्शनी बाजूला एकमेकींपासून काही अंतरावर दोन खिडक्या असतात. डोळा लावला की मधोमध एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. भिंग फिरवताना त्या सरकतात आणि एकमेकींवर नेमक्या बसल्या की अंतर अचूक जुळलेले असते. पाया ठाऊक, कोन ठाऊक, त्यावरून अंतर : हीच त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची युक्ती. ज्या विल्यम लॅम्बटनने ते महासर्वेक्षण सुरू केले, तो १८२३ मध्ये आपल्या विदर्भातच, हिंगणघाटला वारला. त्याचा थिओडोलाइट उचलायला माणसांची फौज लागे; तेच तत्त्व इथे तळहातावर मावले आहे.

ते मावले जर्मनीत. वेट्झलार येथील लाइट्झ कंपनीतील ऑस्कर बारनाक याने चित्रपटाची ३५ मिलिमीटरची फिल्म आडवी वापरून, २४ बाय ३६ मिलिमीटरच्या चौकटीचा खिशात मावणारा कॅमेरा बनवला. 'लायका' या नावाने तो १९२५ मध्ये बाजारात आला आणि १९३२ च्या 'लायका-२' मध्ये भिंगाशी जोडलेला रेंजफाइंडर बसला. तिपाईवरचा कॅमेरा गळ्यात आला तो खरा इथून. ३० जानेवारी १९४८ रोजी, हत्येच्या काही तास आधी, गांधीजींची छायाचित्रे घेणाऱ्या आंरी कार्तिए-ब्रेसाँच्या हातीही लायकाच होता.

लायका महाग होता, म्हणून त्याची नक्कल झाली. आणि ती जिथे झाली ते ठिकाण विलक्षण आहे. युक्रेनमधील खारकीवजवळ निराधार मुलांसाठी एक कम्यून होती आणि शिक्षणतज्ज्ञ मकारेंको तिचे प्रमुख होते. तिथल्या मुलांनी १९३४ पासून लायकाची प्रतिकृती घडवून विकायला आरंभ केला. कॅमेऱ्याचे नाव 'फेड', म्हणजे फेलिक्स एडमुंडोविच झेर्झिन्स्की, सोव्हिएत गुप्त पोलिसांचा संस्थापक. अनाथ मुलांच्या हातचा कॅमेरा आणि त्यावर गुप्त पोलिसांच्या प्रमुखाचे नाव! विसाव्या शतकाचा इतका दाट अर्क मला दुसऱ्या कोणत्याही वस्तूत सापडलेला नाही.

महायुद्धानंतर फेडच्याच आराखड्यावरून मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्क येथे १९४८ पासून झोर्की निघू लागला. १९५६ मध्ये आलेला झोर्की-४ पुढे १९७३ पर्यंत बनत राहिला. सतरा लाखांच्या आसपास नग निघाले. आमच्या कॅमेऱ्यावरील 'ज्युपिटर-८' या भिंगाचे मूळ झाइस कंपनीच्या 'झोनार' या जर्मन भिंगात आहे. युद्धभरपाई म्हणून झाइसची यंत्रसामग्री आणि काच सोव्हिएत संघात गेली, तिची ही संतती. एकंदरीत, आमच्या माळ्यावरच्या पेटीत एका पराभूत देशाच्या काचेचा वारसा होता.

आता भिलाई. भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात फेब्रुवारी १९५५ मध्ये करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली. सोव्हिएत अभियंते कुटुंबांसह तिथे राहत. वरठीच्या भंडारा रोड स्थानकावरून पूर्वेकडे जाणारी गाडी धरली की तुमसर रोड, गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग आणि मग भिलाई. धानाच्या एका हंगामावर घर भागत नसलेल्या आमच्या भागातील तरुणांना ही वाट सोयीची होती. आजोबा त्याच वाटेने गेले.

कॅमेरा त्यांच्या हाती कसा आला, याच्या घरात तीन कथा आहेत. बाबांच्या मते मायदेशी परतणाऱ्या रशियन साहेबाने तो भेट दिला. काकांच्या मते आजोबांनी महिन्याचा पगार मोजून घेतला. आजी म्हणते, "भेट कशाची? आंधळगावचं कोशाचं लुगडं देलं होतं मडमेले, तवा भेटला." मोहाडी तालुक्यातील आंधळगावचा कोसा प्रसिद्ध आहे, त्यामुळे माझे मन आजीच्या बाजूने झुकते, पण मन झुकणे हा पुरावा नव्हे. कॅमेऱ्यावरची अक्षरे बाजार सांगतात, अंक वर्ष सांगतात. देवघेव त्यांतून कळत नाही.

वाचन झाले, आता वापर. तुमच्याही घरी असा कॅमेरा निघाला, तर पहिले काम म्हणजे काहीही न फिरवणे. झोर्की-४ मध्ये शटर ताणण्याआधी वेगाची चकती फिरवली तर आतील यंत्रणा बिघडू शकते. आधी ताणायचे, मग वेग निवडायचा. हा क्रम हाताला लागेपर्यंत मी तो चिठ्ठीवर लिहून आवरणात ठेवला होता. शटर कापडी पडद्यांचे असते. मागचे झाकण काढून, भिंग उतरवून, पडदा उजेडासमोर धरा. तारे चमकल्यासारखे दिसले तर त्याला छिद्रे पडली आहेत. आमच्या पडद्याला दोन होती. आतील वंगणही थिजले होते. नागपूरला सीताबर्डीवरील एका वृद्ध कारागिराने दोन्ही दुरुस्त केले आणि जाताना बजावले की उन्हात भिंग उघडे ठेवू नकोस. भिंग सूर्य एकवटते आणि पडदा जाळते.

पहिला रोल कोरा निघाला. छत्तीसच्या छत्तीस! फिल्मचे टोक दुसऱ्या रिळाला नीट अडकलेच नव्हते. मी खांब तलावाकाठी तासभर ऐटीत छायाचित्रे घेत होते आणि फिल्म जागची हलली नव्हती. याची परीक्षा सोपी आहे : पुढच्या चौकटीसाठी मूठ फिरवताना डावीकडची, रोल परत गुंडाळण्याची मूठही फिरली पाहिजे. ती स्तब्ध असेल तर तुम्ही हवेची छायाचित्रे घेत आहात.

या कॅमेऱ्यात प्रकाशमापक नाही आणि त्याची फारशी गरजही नाही. लख्ख उन्हात छिद्र १६ वर ठेवावे आणि शटरचा वेग फिल्मच्या संवेदनक्षमतेच्या जवळचा घ्यावा; ४०० ची फिल्म असेल तर सेकंदाचा पाचशेवा भाग. ढगाळ असेल तर छिद्र मोठे करत जावे. विदर्भात लख्ख उन्हाची वानवा नाही.

खरी अडचण त्याच उन्हाची आहे. कृष्णधवल फिल्म घरी धुता येते, पण रसायनाचे तापमान २० अंशांच्या आसपास लागते. आमच्याकडे मे महिन्यात नळाचे पाणी हात भाजेल असे येते. गरम द्रावणात चित्र अवाजवी वेगाने उमटते आणि फिल्मवरचा जिलेटिनचा थर मऊ पडून खरचटतो. मी माठातले पाणी वापरले, भोवती बर्फ रचला आणि पहाटे चारला उठून रोल धुतला. आजीला वाटले, मी अभ्यासाला उठले.

आणि आता ज्यासाठी हा धागा लिहायला घेतला, ते. पेटीत कॅमेऱ्याशेजारी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. त्यात आजोबांच्या निगेटिव्ह होत्या, कापून गुंडाळलेल्या. बऱ्याच पट्ट्यांच्या कडेला 'ओरवो' हे नाव आहे. पूर्व जर्मनीतील वोल्फेनच्या कारखान्याने ते १९६४ मध्ये धारण केले आणि रुपयांत चालणाऱ्या व्यापारामुळे त्या फिल्म भारतात सहज मिळत. म्हणजे या पट्ट्या १९६४ नंतरच्या. धानाची रोवणी, दिवाळीनंतरची मंडई, दंडारीतला सोंगाड्या, भिलाईच्या क्वार्टरसमोर उभी माणसे. एकाही पट्टीसोबत एकही नाव नाही.

मला हे बोचले, कारण नावे नसल्याबद्दल मी इतरांना दोष देत आले आहे. १८६८ ते १८७५ या काळात निघालेल्या 'द पीपल ऑफ इंडिया' या आठ खंडांत चारशेहून अधिक छायाचित्रे आहेत. १९१६ मध्ये रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी आपल्या मध्य प्रांतातील जातिजमातींवर चार खंड प्रसिद्ध केले. त्यांतही छायाचित्रे आहेत. दोन्हीकडे चित्राखाली बहुधा जात येते वा धंदा येतो. माणसाचे नाव क्वचितच. समोरचा माणूस 'नमुना' ठरवला की नावाची गरज उरत नाही, असे मी एका निबंधात आवेशाने लिहिले होते.

आजोबांसाठी ती माणसे नमुने नव्हती. नावे त्यांना तोंडपाठ होती, म्हणूनच त्यांनी ती लिहिली नाहीत. साठ वर्षांनंतर परिणाम मात्र तोच : रोवणीच्या बांधीत वाकलेली एक बाई, नाव नाही. हेतू वेगळा होता म्हणून रसेलला एक माप आणि आजोबांना दुसरे लावावे का? यावर माझे मत अजून स्थिर झालेले नाही. निबंधातील ते वाक्य मात्र मी सौम्य केले आहे.

निगेटिव्ह खिडकीच्या काचेला लावून मोबाइलने टिपल्या, उलटवून चित्रे केली आणि आजीसमोर धरली. पहिल्या दिवशी तिने अकरा माणसे ओळखली. दुसऱ्या दिवशी त्यांतली दोन नावे बदलली. रोवणीतल्या त्या बाईचे नाव, माहेर आणि तिचा एक पोरगा पुरात गेल्याची हकिकत तिने सलग सांगितली. ते नाव मी वहीत लिहिले आहे, इथे लिहीत नाही. तिची नातवंडे याच तालुक्यात आहेत आणि मी अजून त्यांना विचारलेले नाही. डब्यातील निम्म्याहून अधिक चेहरे आजीलाही ओळखता आले नाहीत. ते ओळखणारा घरात आता कोणी नाही.

त्यानंतर मी प्रत्येक चौकटीची नोंद करू लागले : क्रमांक, तारीख, ठिकाण, छिद्र, वेग आणि व्यक्तीने स्वतः सांगितलेले नाव. दुसऱ्या रोलमधील एकोणीस चित्रे धड आली. चौदावी चौकट ओसरीवर बसलेल्या आजीची आहे, मांडीवर तोच पत्र्याचा डबा. वहीत काय लिहितेस, असे तिने विचारले. तुझे नाव, मी म्हटले. तिने आधी माहेरचे नाव सांगितले, मग माहेरचे गाव; आणि मी दोन्ही लिहून होईपर्यंत ती वहीकडे पाहत राहिली.